वॉकरला टेकून गाणाऱ्या आजी

कॅबरेवर मी लिहावं हे धाडसच आहे, क्षमा असावी. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला, आणि कॅबरे म्हणजे सिनेमातला नाच एवढंच मला ठाऊक होतं. मँचेस्टरला शिकताना मी वीकेंडला एका केअर होममध्ये चहा द्यायचो. तिथल्या एक डच आजी तरुणपणी ॲम्स्टरडॅममध्ये नाटकांत कामं करायच्या आणि मंत्र्यांची टिंगल करणारी गाणी गायच्या; तिकडे त्यालाच कॅबरे म्हणतात. आता रविवारी लिपस्टिक लावून, पियानोला टेकावं तशा वॉकरला टेकून, त्या आमच्या मॅनेजरसाहेबांच्या पाणचट सूपवर गायच्या. सगळे खदखदून हसायचे. शेवटी साहेबांनी त्यांचं गाणंच बंद केलं.

"आजी, साहेबांवर एखादं गोड गाणं म्हणा ना. परत गाऊ देतील," मी भीत भीत सुचवलं.

"बाळा, मंत्र्यांनी मेजवानीला बोलावलं, तरी मी गोड गायले नाही. आता या सूपसाठी गाऊ?"

त्या पुन्हा गायल्या नाहीत.

कोर्स संपल्यावर मी क्रॉयडनला आलो. परवा केअर होममधल्या नर्सचा फोन आला. आजी गेल्या. शोकसभेत साहेब डोळे पुसत म्हणाले म्हणे, "फार गोड गायच्या. कधी कुणाला दुखावलं नाही."