उंबऱ्यावर उघडायची बंदूक

आमच्या अव्वाचा, म्हणजे आईचा, घरात एकच कायदा होता आणि त्यापुढं अप्पांचंही काही चालत नव्हतं. शेतातून बंदूक आली की ती उंबऱ्याच्या बाहेर उघडायची. नळी खाली पाडायची, काडतूस काढून अव्वाच्या ओंजळीत द्यायचं. मग ती नळीला डोळा लावणार, आरपार उजेड दिसला तरच पाण्याचा तांब्या पुढं करणार. तोवर आमचे अप्पा, ज्यांच्यासमोर गावात कोणी खाटेवर बसत नाही, ते पाहुण्यासारखे बाहेर उभे.

आमचं शेत मुडबीच्या अंगाला. रानडुकरं एका रात्रीत उभा ऊस लोळवतात. त्यासाठी परवान्याची एकनळी बंदूक होती, जुनी, वर घोडा असलेली, घोड्याला धक्का बसला तरी उडणारी. अप्पांना तिची भारी फुशारकी. माझी बंदूक बैलापेक्षा शहाणी आहे, म्हणायचे. अव्वा हात पुसत म्हणायची, "बैल लाथ मारायच्या आधी कान तरी हलवतंय."

अव्वा गेली. तोवर घरात भावाची बायको आली होती, मेहकरची. कामाला वाघीण, पण सासऱ्यापुढं मान वर करायची नाही. आता मला सांगा, सुनेनं मामंजींना उंबऱ्यावर अडवून 'बंदूक उघडा' म्हणायचं कसं? आमच्यात ते बसतच नाही. तांब्या आधी यायला लागला. बंदूक तशीच ओसरीत जाऊन भिंतीला टेकायला लागली. अप्पा म्हणायचे, मी काढलंच असणार की काडतूस, इतक्या वर्षांची सवय आहे हाताला. त्या 'असणार'चा मला आजही राग येतो.

खंडेनवमीला मी माहेरी आले होते. त्या दिवशी आमच्याकडं विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरचे पाने, सगळं धुऊन ओसरीत ओळीनं मांडतात. बंदूकही त्यात. अन् एकदा हत्यार पूजेला मांडलं की दसऱ्यापर्यंत त्याला उचलायचं नाही, उघडायचं नाही. देव झाला म्हणायचं तो. अप्पा पहाटे शेतातून आले, डुकरं फिरकली नव्हती, बार झालाच नव्हता. आल्या पावली त्यांनी बंदूक ओळीच्या टोकाला भिंतीशी उभी केली आणि आंघोळीला गेले.

शहाबादी फरशी नुकतीच धुतलेली, ओली. वहिनी ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसून विळ्यांना भस्म लावत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात झेंडूच्या माळा सोडवत उभी. बंदुकीचा दस्ता घसरला. ती ओळीवरच आडवी झाली आणि घोडा फाळावर आदळला. आवाज झाला, एवढंच कळलं. वहिनी बसल्या जागी पोट धरून वाकली. मी तिला मांडीवर घेतलं तेव्हा ती मला म्हणाली, वन्सं, पूजा मोडली हो. पोटात छर्रे घुसलेत अन् हिला पूजेची काळजी!

शेजारच्या पिकअपमधून गुलबर्ग्याला नेलं. रस्ताभर मी एकच धरून बसले होते, ही जगली पाहिजे, बाकी काय ते मग बघू. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. बाहेर बाकावर अप्पा भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की बंदूक रिकामी होती. रिकाम्या बंदुकीतून बार कसा झाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, आमच्या घरात ती थेट जिवावर उठली. गावाकडच्या दोघी आल्या त्या तर म्हणाल्या, बाईमाणसानं हत्याराजवळ बसावंच कशाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अव्वा कोण होती मग?

भाऊ कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून उभा होता. मी जवळ गेले तशी न विचारताच म्हणाला, "सकाळी ती मला इचारली होती, अक्का. मामंजींनी बंदूक उघडली का म्हणून. मी म्हनलं, अप्पाला असलं इचारायचं असतंय व्हय?"

दसऱ्याच्या दिवशी, लोक एकमेकांना सोनं म्हणून बन्नीची पानं देत होते त्या वेळेला, ती गेली.

बंदूक पोलिसांनी नेली, अप्पांचा परवाना गेला. अप्पा आता ओसरीत बसत नाहीत, परसात खाट टाकून पडतात, आणि कुणी आलं की अजून तेच सांगतात, रिकामी होती.

परवा मी गेले तर भाऊ तालुक्याहून नुकताच आला होता, उन्हानं लाल झालेला. मी पाणी दिलं. बोलता बोलता म्हणाला की डुकरांनी यंदा अर्धा ऊस नासवला, म्हणून स्वतःच्या नावावर परवाना मिळतो का बघायलाय. गावातले सगळे तेच सांगायलेत.

मी विचारलं, "अन् उंबऱ्यावर इचारणार कोण?"

"मला कामून इचारायला पायजे? माझ्या ध्यानात ऱ्हातंय की, अक्का. मी काय अप्पा हाय का?"

तांब्या त्याच्या तोंडापाशी गेला होता. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.