कोळशाची कंपनी वेगळी झाली तेव्हा

चिंचोळी एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी अठरा वर्षं कार्मिक विभागात काम केलं, तिथं बॉयलरच्या नळ्या बनत. आमच्याच कंपनीच्या विदर्भातल्या औष्णिक वीज केंद्रांना त्या जात. कारखान्याचे व्यवस्थापक आणि मी एकाच वर्षी रुजू झालो होतो. ते मला आपा, म्हणजे ताई, म्हणत. माझे अब्बा वारले तेव्हा कारखान्यातून सगळ्यात आधी तेच घरी आले होते.

एक दिवस बातमी आली, परदेशातल्या एका पेन्शन फंडानं आमच्या कंपनीतले सगळे शेअर विकले. कोळसा जाळणाऱ्या धंद्यात त्यांना आता पैसा ठेवायचा नव्हता. भाव घसरला, पण दुसऱ्या कुणी ते शेअर स्वस्तात घेतले आणि तो सावरला. कँटीनमध्ये आम्ही म्हणालो, चला, निभावलं. खरा फटका नंतर बसला. एकामागून एक बँका नव्या कर्जाला टाळाटाळ करू लागल्या, मिळेल ते महाग. शेवटी मुख्य कार्यालयानं ठरवलं, कोळशाचा सगळा धंदा वेगळ्या कंपनीत टाकायचा आणि ती विकायची. मूळ कंपनीकडे फक्त सौरऊर्जा राहणार होती. आमचा कारखाना कोळशाबरोबर चालला होता.

त्यासाठी कामगारांची संमतीपत्रं हवी होती.

"आपा, माणसं तुमचं ऐकतात. सह्या तुम्हीच घ्या," साहेब म्हणाले. "मीही तिकडेच येतोय."

"जुन्या नोकरीची वर्षं धरतील ना? पत्रात तसं नाहीये."

"माझा शब्द आहे."

मी पुढे विचारलं नाही.

सीमेलगतच्या वळसंग गावचे एक वेल्डर होते, माझ्याही आधीपासून तिथं असलेले. त्यांनी कागद हातात धरून विचारलं, "म्याडम, ह्यात काय लिवलंय? इंग्रजी मला कुटं वाचता येतंय."

"नोकरी तीच, मालक बदलतोय. साहेबही आपल्याबरोबर आहेत."

"तुमी सांगताय न्हवं? मग झालं की." आणि त्यांनी कन्नडमध्ये सही केली.

कारखाना विकला गेला त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून बदल्यांचे आदेश आले. फाइलला लावताना साहेबांचा आदेश हाती लागला. सौर विभाग, हैदराबाद. तारीख आमच्या सह्यांच्या आधीची होती.

मी केबिनमध्ये गेले आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तारखेवर नजर टाकली आणि कागद उलटा ठेवला.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही सह्या घेतल्या असत्या का?"

"नसत्या घेतल्या."

"म्हणूनच नाही सांगितलं, आपा."

त्यांच्या आवाजात लाजही नव्हती, फक्त थकवा होता. तेच मला जास्त लागलं.

मूळ कंपनीचा शेअर वधारला. कोळशातून मोकळी झालेली कंपनी म्हणून पेपरात कौतुक आलं. विदर्भातली केंद्रं पूर्वीइतकाच कोळसा जाळत राहिली. फरक एवढाच, की नव्या मालकाची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नव्हती, त्यामुळे त्याला जाब विचारणारं कुणी उरलं नाही. त्यानं जुनी वर्षं धरली नाहीत. थोड्याच महिन्यांत वेल्डरसह बरेच जण कंत्राटावर गेले.

मी वळसंगला वेल्डरच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, पत्रातली उणीव दिसत असूनही गप्प बसले होते तेसुद्धा.

ते म्हणाले, "सायबाचं मला काय वाटत न्हाय. मी त्यास्नी बगून सही केलीच नव्हती, म्याडम."

त्यांनी आवाज चढवला नाही. मला तो चहा संपवता आला नाही.

परत आल्यावर मी लेखी जबाब तयार केला: सह्या घेताना कामगारांना मी काय सांगितलं, मला कुणी काय सांगितलं होतं, आणि त्या आदेशाची तारीख. जुन्या वर्षांसाठी कामगारांनी कोर्टात दावा लावला होता, त्यांच्या वकिलाला तो दिला. नव्या कंपनीनं मला लगेच कामावरून कमी केलं. दावा अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला वेल्डर येतात आणि बाकावर माझ्यापासून थोडं दूर बसतात.