घडी न मोडलेल्या साड्या

मूर्तिजापूरहून अकोल्याला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती बाई बहुतेक वेळा माझ्या शेजारी बसायची. पन्नाशीची असेल. अकोल्यातल्या एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर कामाला होती, एवढंच मला ठाऊक. नाव विचारायचं राहूनच गेलं.

साध्या दिवशीही तिच्या अंगावर जरीकाठाची रेशमी साडी असे. त्याच चार साड्या, आलटून पालटून. बसमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसत. ते तिला कळायचं, पण ती खिडकीबाहेर बघत पदराचा काठ बोटांनी सरळ करत राहायची.

एकदा मी विचारलं, "ताई, आज कोणाकडं लग्न आहे का?"

"कोनाकडंच नाई," ती म्हणाली. "माह्या मायच्या साड्या हायेत ह्या. चांगल्या दिवसाले नेसीन म्हने, अन् कपाटात ठेवून देये. सारा जलम विटक्या साड्यांवर काढला तिनं. एकाच साडीची घडी मोडली, तेबी आमी. तिले नेताना."

मग मांडीवरचा पदर नीट करत म्हणाली, "तेरवी झाल्यावर माह्या साऱ्या साड्या वाटून टाकल्या. आता ह्या चारच. फाटेपर्यंत नेसतो."

अकोल्याला उतरलो तेव्हा स्टँडवर चिखल झाला होता. सगळ्या बायांनी साड्या घोट्याच्या वर धरल्या. तिनंही सवयीनं निऱ्या उचलल्या, क्षणभर थांबली, मग सोडून दिल्या. आणि तो जरीचा काठ तसाच ओढत चिखलातून चालत गेली.