श्रीधरभाऊंची रेघ

सभेला चहा मागवायचा की नाही, हेसुद्धा श्रीधरभाऊ एकट्याने ठरवत नसत. दिग्रसला कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोरच्या मोकळ्या जागेत माणसं जमली की चपलेच्या टोकाने ते मातीत लांब रेघ ओढत. "ज्याले पटते तो इकडं, नाही पटत तो तिकडं. बसल्या बसल्या मान हलवाची नाही. उठा, बाप्पा!" मग म्हातारी मंजुळामावशीही लुगडं सावरत उठायची. भाऊ म्हणत, "तोंड काय, काहीही बोलते. माणूस पायानं ठरवते."

कापसाला भाव नव्हता आणि सरकारी खरेदी केंद्र बंद होतं. ते उघडा, एवढंच आम्ही मागत होतो. भाऊ मूळचे दिग्रसचे, नागपुरात वकिली करायचे. मीही दिग्रसचीच, नागपुरात नोकरीला. दर रविवारी दोघं एसटीने गावी यायचो. पत्रकं मी लिहायचे. "पोरी, पत्रकात रडाचं नाही. जाब विचाराचा," हे त्यांनीच शिकवलं.

मला पुण्यात माझ्या शिक्षणाला साजेशी नोकरी चालून आली. आई म्हणाली, जा. मी भाऊंना सांगितलं आणि त्यांनी भर सभेत रेघ ओढली. "नागपूरहून माणूस हाक मारल्यावर संध्याकाळपर्यंत येते. पुण्याहून नुसती बातमी येते. बोला, पोरीनं जावं का?" 'नको'च्या बाजूला सगळ्यात आधी तेच जाऊन उभे राहिले. पाठोपाठ सगळे गेले. मीसुद्धा. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मला ते पटलं होतं. मी पुण्याला नकार कळवला.

पुढच्या हंगामात एकदा पत्रक दाखवायला भाऊंच्या नागपूरच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सामानाचा ट्रक गेला की पुण्याला! वहिनी आणि मुलंही गेली. शाळेत नावं घातलीत." मला वाटलं, तिचा काहीतरी गैरसमज झालाय.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ सभेत म्हणाले, "पुण्याच्या एका संस्थेत कापसाच्या प्रश्नावर काम भेटून राह्यलं. तिथून आपला आवाज मोठा होईन. जाऊ का नको, तुम्हीच ठरवा." आणि वाकून रेघ ओढली.

माणसं उठायला लागली. मी विचारलं, "भाऊ, तुमचं सामान कुठं आहे?"

"सामानाचं काय घेऊन बसली, पोरी?"

"सांगा ना भाऊ," मंजुळामावशी म्हणाली, "कुठं हाये?"

"पुण्याले," ते हळूच म्हणाले. "पोरायच्या शाळेचं होतं. समजून घ्या."

"शाळेचं सांगतलं असतं तं आमीच गाठोडी बांधून देल्ली असती," मावशी म्हणाली. " पण गेल्यावर आमाले कायले उठवून राह्यले?"

उठलेली माणसं खाली बसली. कोणी इकडे गेलं नाही, कोणी तिकडे. भाऊ पिशवी उचलून एकटेच रेघ ओलांडून स्टँडकडे निघाले. मी त्यांना पोचवायला गेले नाही. ते काम करायला पुण्याला गेले, याचा मला राग नाही. मला थांबवलं आणि स्वतः न विचारता गेले, वर आमच्याकडून होकार वदवून घ्यायला आले, याचा आहे.

खरेदी केंद्र अजून बंदच आहे. मी अजून नागपुरातच आहे. रेघ आता मी ओढते. ओढण्याआधी मंजुळामावशी दर वेळी विचारते, "पोरी, आधीच ठरलं तं नाही ना?"

मी नाही म्हणते. तरी ती माझ्या पायांकडे बघत राहते.