ऑइल पेंटमधला जावई

आमच्या घराच्या भिंतीवर एक जावई आहे, आणि तो आमचा नाही.

आमच्या वरवट बकाल गावाकडे लग्न ठरलं की दाराशेजारच्या भिंतीवर गणपती काढून नवरा-नवरीची नावं लिहितात. पेंटर कच्चा रंग वापरतो. एका पावसाळ्यात धुऊन जातो. ताईची सोयरीक जमली तेव्हा मी म्हणालो, "पेंटर कायले? मी लिहितो ना!" घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. (अक्षर चांगलं आहे, असं तेव्हा तरी वाटायचं.) ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवून उरलेला लाल ऑइल पेंट घेतला आणि हातभर उंच अक्षरं काढली: 'चि. दिनेश - चि. सौ. कां. सुनंदा'.

बाबांनी कौतुकानं विचारलं, "टिकते ना बे हे?"

"दहा वर्षं हालत नाही!"

सोयरीक महिनाभरही टिकली नाही. दिनेशला नोकरी लागली आणि त्याच्या घरच्यांना आमचं घर एकाएकी लहान दिसू लागलं. भिंत मात्र शब्दाला पक्की! येणारा-जाणारा थांबून वाचायचा. ताई मागच्या दारानं ये-जा करू लागली.

मग दुसरं स्थळ आलं. पाहुणे रविवारी येणार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. (हे मी त्या दिवशी चारदा सांगितलं.) रॉकेल लावलं, थिनर लावलं, तारेच्या ब्रशनं घासलं. आजूबाजूचा चुना निघाला आणि अक्षरं चमकू लागली!

आई म्हणाली, "काऊन रे, तू पुसून राह्यला का पॉलिश करून राह्यला?"

शेवटी वरून चुन्याचे तीन हात मारले. भिंत पांढरीशुभ्र!

रविवारी पाहुणे अंगणात, नेमके त्याच भिंतीसमोर बसले. ऊन तापलं. ताई पोहे घेऊन बाहेर आली आणि भिंतीवरचा चुना पोपडे धरू लागला. आधी 'दि' उघडा पडला. मी त्याला पाठ लावून उभा राहिलो, तर शेजारून 'ने' डोकावला! मी सरकलो, तसा 'दि' पुन्हा हजर.

मुलाचे मामा चष्मा लावून वाचू लागले. "दि... ने... श. हा कोण हो?"

मी घाईघाईनं म्हणालो, "जुनी जाहिरात आहे, मामाजी." तेवढ्यात पुढचा पोपडा गळून 'सुनंदा'ही उघडी पडली.

"जाहिरातीत पोरीचं नाव काऊन?"

ताईनं ट्रे खाली ठेवला. "मोडलेली सोयरीक आहे ती, मामाजी. मोडली त्यानं. लिहिली माह्या भावानं. लपवली आमी साऱ्यानं."

पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. पोहे तसेच राहिले.

मला फार वाईट वाटलं. (खरंच.) छिन्नी-हातोडी घेऊन मी दिनेशवर तुटून पडलो.

"माह्यं नाव राहू दे," ताई मागून म्हणाली. "घर माह्यंही आहे."

एकेक अक्षर धरून मी रंग प्लास्टरसकट उडवला. वेलांटीसुद्धा सोडली नाही. मग घाम पुसत मागं सरलो.

ताईनं भिंतीवरून हात फिरवला. "इतके दिवस तो रंगात होता, बापू. आता तू त्याले कोरून ठेवला."

पाहुण्यांनी अजून कळवलेलं नाही. दिनेश वाचायला आता उजेडही लागत नाही, हात फिरवला की कळतो. पेंटरला बोलावलं असतं तर पहिल्या पावसात मोकळे झालो असतो. पण घरात शिकलेला माणूस असताना पेंटर कोण बोलावतं!