उलार झालेलं विमान

आमच्या खानदानात संत्र्याच्या झाडापेक्षा उंच कोणी चढलं नव्हतं (तेही शिडी लावून), आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. मी चौथी नापास माणूस. पण लोखंडानं जमिनीवर राहावं, एवढं मला पुढं न शिकताही कळत होतं.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. सौंसरला आमच्या बगीच्यात संत्र्याचा तोडा चालू होता आणि तिकडं मुंबईला लेकीला मुलगा झाला. बायको आधीच तिच्याजवळ गेलेली. लेकीनं पत्र लिहिलं, "बाबा, तुम्ही आल्याशिवाय बाळाला पाळण्यात घालणार नाही." खाली व्याह्यांनी आपल्या हातानं दोन ओळी जोडल्या होत्या. "तोडा सोडून ते काही येत नाहीत. वाट पाहू नये." लेकीचं पत्र मी एकदा वाचलं, व्याह्यांच्या दोन ओळी तीनदा.

आता जाणं भागच होतं. पण शेवटचं झाड उतरेपर्यंत मी हललो नाही आणि बारसं उद्यावर आलं. तेव्हा पांढुर्ण्याहून माझा साळा आला, विमानाची दोन तिकिटं घेऊन. तो कापडाचा व्यापारी, आधी दोनदा उडालेला.

"मी रेल्वेनं जातो," मी म्हणालो.

"जा ना जी. परवा पोचता. उरलेले पेढे खा अन् परत या."

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर माझा सदरा पाठीला चिकटला.

"भाऊजी, काहून घाबरून राहिले?"

"कोण घाबरते? गरमी होऊन राहिली मले."

"डिसेंबरात?"

तिथं त्यांनी आमच्या पेट्या तोलल्या. संत्र्याची करंडी तोलली. माणसं मात्र कोणीच तोलली नाहीत. इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. बैलबंडीत मागं वजन जास्त झालं की जू वर उठतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि बंडी मागं कलंडते. बंडी उलार झाली म्हणतात ते हेच. आणि विमानात चढून पाहतो तर पुढच्या रांगा रिकाम्या. सगळ्यात मागं काटोलकडचे तीन कापसाचे व्यापारी, एकेक अडीच मणाचा!

"यायले पुढं बसवा म्हणा," मी साळ्याला म्हणालो.

"बसा ना जी चुपचाप. हे काय बंडी आहे?"

विमान धावलं. मी डोळे मिटून साळ्याचं मनगट धरलं. (वळ आठवडाभर राहिले असं तो सांगतो. व्यापारी आहे, वाढवून सांगणारच.) मग पाठ खुर्चीत दबली. डोळे उघडले तर विमानाचं तोंड आभाळाकडं आणि शेपूट खाली.

"उलार झालं!"

त्या क्षणी माझी भीती कुठं गेली ते मला आजही सांगता येत नाही. बंडी उलार झाली की भ्यायला फुरसत नसते, पुढच्या धुऱ्यावर उडी मारून बंडी दाबायची असते. मी कमरेचा पट्टा सोडला आणि उभा राहिलो.

"मागचे पुढं या. ओ पाटील, तुम्ही आधी. वजनदार माणसं पुढं!"

शिकलेले लोक हसले. ते तिघं हसले नाहीत. त्यांचा जन्म कापसाच्या बंड्या भरण्यात गेलेला.

"बुढा बरोबर बोलून राहिला," त्यातला एक म्हणाला, आणि तिघंही खुर्च्या धरत धरत पुढं निघाले.

विमानातली बाई धावत आली. "दादाजी, बैठ जाइए. आप सब लोग बैठ जाइए."

"बसतो. पण तूही पुढं चाल, बाई. मागं छटाकभर ठेवायचं नाही."

साळ्यानं तोंडासमोर पेपर धरला होता आणि तो शेजारच्या माणसाला सांगत होता, "मी नाही ओळखत यायले."

तिघं पुढच्या रांगेत टेकले आणि थोड्या वेळात विमान सरळ झालं. मी साळ्याकडं पाहिलं. त्यानं पेपर आणखी वर धरला.

मग मी खिडकीशी बसून खालच्या नद्या पाहिल्या, दोन कप चहा घेतला आणि साळ्याला ढग दाखवले. मुंबई आली तसं विमानाचं तोंड खाली झुकलं. मी नुसती मान वळवली. तिघं व्यापारी न सांगता उठून मागं गेले.

व्याह्यांच्या इमारतीखाली टॅक्सी थांबली तेव्हा बारशाला अर्धा तास होता. मी छाती काढून आत शिरलो. साळ्यानं एक लोखंडी जाळी सरकवली आणि कपाटाएवढ्या खोलीत जाऊन उभा राहिला.

"या ना जी. लिफ्ट आहे. सातव्या माळ्यावर जायचं आहे."

मी आत डोकावलो. खिडकी नाही, हाकणारा नाही, आणि सगळा संसार वर दोरीला टांगलेला.

"तू हो पुढं," मी म्हणालो. "मी पायी येतो."

नागपूर ते मुंबई विमानाला सव्वा तास लागला. खालून सातव्या माळ्यावर जायला मला पाऊण तास लागला. पण लेकीनं पाळणा थांबवून ठेवला होता. व्याह्यांनी स्वतः मला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि सगळ्या पाहुण्यांना सांगितलं, "आमचे व्याही खास विमानानं आले."

पाळण्याजवळच्या एका म्हातारीनं माझ्या ओल्या सदऱ्याकडं पाहिलं.

"विमानानं? मग एवढी धाप कशी? ढकलत आणलं का?"

मला बोलवत नव्हतं. नाहीतर हो म्हणालो असतो.