गूळ विरघळतो, धूळ नाही

सुर्ल्याच्या एका खाणीवर बाबा क्रशर चालवायचे. खनिज भरडताना उडालेली धूळ त्यांच्या भुवयांत, कानांत, डब्यातल्या भातातसुद्धा असायची. पाळी संपली की सगळे गुळाचा खडा तोंडात टाकत. गुळाने छातीतली धूळ धुऊन जाते, अशी तिथली समजूत. बाबांचा तिच्यावर एवढा भरवसा, की मास्क खुंटीलाच लटकलेला. त्या मास्कचा मला अजून राग येतो, आणि बाबांचाही.

खाण बंद पडली. आता धूळ हळूहळू जाईल, असं आम्हाला वाटलं. पण दम वाढतच गेला. फुप्फुसं दगडाच्या धुळीने कायमची निबर झालीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी डिचोलीत बारावीला रसायनशास्त्र शिकवते. एका संध्याकाळी सोप्यावर धापा टाकत बाबा म्हणाले, "बाये, तू पोरांक शिकयता मगो? माका सांग. गुळान धूळ धुवन वता म्हणताले. मगे माका कित्याक असो दम लागता?"

शिकवायची खोड जाते कुठे! मी सुरू झाले. गुळातल्या साखरेचे कण रांगेत असतात, पण एकमेकांना सैल धरून. पाणी मध्ये शिरतं, रांग मोडते. खनिजातल्या गारगोटीत मात्र प्रत्येक अणूने शेजारच्याला घट्ट धरलेलं असतं, चारी बाजूंनी. त्यात पाणी शिरत नाही की रक्त शिरत नाही. केरीच्या किनाऱ्यावरची वाळूही बहुतेक तीच, पण तिचा दाणा मोठा, छातीत खोल जात नाही. क्रशर गारगोटीचं पीठ करतो, ते जातं.

"म्हणजे ती भितर तशीच रावतली?"

"हो, बाबा."

माझं शहाणपण चुलीत घालावं असं मला वाटलं. आत आई सुरीने गुळाची ढेप फोडत होती. तो आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत होता.

"हें तुझ्या आवयक सांगू नाका," बाबा हळूच म्हणाले. "इतली वर्सां डब्यांत गूळ तीच घालताली."

आई बाहेर आली. बाबांनी हात पुढे केला, खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आज माका बरें दिसता गो."